वाडीला एकच हाक

कच्चा तांदूळ दाताखाली आला की आधी आवाज होतो आणि मग माणूस विचार करतो. सुरेंद्रच्या दाढेत तो आवाज झाला तेव्हा तो वैशाखऱ्यात, भावेशच्या मावशीच्या पडवीत, दोन सायकलींच्या दोन बॅटऱ्यांची राखण करत बसला होता. रात्रभर लाईट नव्हती, ती पहाटे आली. चार्जर एकच होता. पोटात काही नव्हतं आणि भावेश आत गेला तो बाहेर यायचं नाव घेत नव्हता. भावेशच्या पिशवीतला स्टीलचा डबा सुरेंद्र टूरच्या पहिल्या दिवसापासून बघत होता. त्यातला एक घासही त्याच्यापर्यंत आला नव्हता. तेव्हा त्याने कुणाची परवानगी न घेता झाकण काढलं. आत पिवळा भात होता. फोडणीचा असणार असं गृहीत धरून त्याने मूठभर तोंडात कोंबला, चावला आणि मग विचार केला. हळदीचा कडवट कोरडेपणा टाळूला चिकटला. थुंकावं तर समोर तुळस, गिळावं तर गळ्यात खडी. गाल फुगवून तो तसाच बसला असताना मावशी, सकुबाई, चहा घेऊन बाहेर आली.

"अगो बाय! अक्षता खाल्ल्यास काय रे?" सकुबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की चहा तिच्या हातावर सांडला. "लगीन भावेशचा आनी अक्षता तुझ्या पोटात!"

सुरेंद्रने गिळलं. "कुणाचं लग्न?"

"आता कुनाचा म्हंजे? पाडवा झाला का लगीन. आवतण द्यायलाच आलाय ना तो? काल माझ्या कपाळाला कुंकू लावलान, अक्षता दिलान. तू दोस्त ना त्याचा?"

"हो."

"मंग?"

सुरेंद्रच्या हातात तिने दिलेला कागदी कप होता आणि त्याच्या मेणचट कडेवर तो दातांनी बारीक खाचा पाडत राहिला. सकुबाई आत गेली. त्याने भावेशच्या बॅटरीतून चार्जरची पिन काढली आणि स्वतःच्या बॅटरीला लावली. रोज तो आधी भावेशची भरायचा, मग वेळ उरला तर स्वतःची. असं का, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आज विचारलं. भावेशच्या बॅटरीवर दोनच हिरवे दिवे पेटले होते. तिला पालथी घालून तो बसला.

भावेश बाहेर आला तो हेल्मेट घालूनच. मोबाईल हातभर लांब धरून त्याने डोंगर, पडवी, सायकली आणि कोपऱ्यात सुरेंद्र असं सगळं एका दमात टिपलं आणि म्हणाला, "लास्ट डे, मित्रांनो! स्लो ट्रॅव्हल म्हणजे काय, तर माणसांना भेटणं." मग मोबाईल खिशात घालून, "चार्ज झाल्या?"

"झाल्या," सुरेंद्र म्हणाला.

टोकावड्याच्या दिशेने रस्ता उताराचा होता. सायकली आपसूक धावत होत्या आणि सुरेंद्रचं डोकं त्यांच्या पुढे. एरवी आवतण द्यायला निघालेला माणूस ओळखू येतो. दोघे असतात, डोक्यावर पांढऱ्या टोप्या असतात, फटफटीवर असतात, आणि चौथ्या घराच्या चहानंतर त्यांचे चेहरे आजारी दिसायला लागतात. डोक्यावर पोपटी हेल्मेट, ढुंगणावर स्पंज लावलेली तंग चड्डी आणि बॅटरीची सायकल अशा अवतारातला माणूस पिशवीत अक्षता घेऊन फिरतोय हे कुणाच्या बापाने ओळखलं असतं? गावोगाव लोकांनी दोघांना एकच प्रश्न विचारला होता, मोटर हाय तर पाय कशाला मारता आनी पाय मारता तर मोटर कशाला, आणि दोघांनाही तो नीट सोडवता आला नव्हता. पण बाकीचं तरी दिसायला हवं होतं. तानशाजवळ आत्या. पुढे चुलत आजोबा. मुरबाडात वडलांचे मामेभाऊ. टूरवर निघालेल्या माणसाला तलाव बघायचा असतो, घाट बघायचा असतो; भावेशला नातेवाईक बघायचे होते. तानसा धरणावर तर ते पोचलेच नव्हते. आत्याकडे वेळ गेला म्हणून भावेशने परत फिरताना लांबूनच पाण्याला हात केला होता, चाळीतल्या ओळखीच्याला करावा तसा. सुरेंद्रला त्यात काही खटकलं नाही, कारण या भागात फिरायला निघालेला माणूस अखेर कुणाच्या तरी आत्याकडेच पोचतो, दुसरीकडे पोचायला रस्तेच नाहीत, असा त्याचा लहानपणापासूनचा समज. आणि प्रत्येक घरी भावेश म्हणायचा, "तू इथं चार्जिंगला लाव, मी आलोच." पडवीत बोर्ड असायचा. चार्जर गरम होतो, जवळ माणूस लागतो, हे ग्राहकांना रोज फोनवर सांगणारा माणूस सुरेंद्रच होता. मग तो माणूसही तोच झाला. आतून भांड्यांचे, हसण्याचे आवाज यायचे. मग कुणीतरी कागदी कपातून चहा आणून द्यायचं. भावेश मात्र मिशी पुसत बाहेर यायचा, आणि मागे चौकटीतून घरातला स्टीलचा पेला नाहीतर कपबशी उचलून नेणारी बाई दिसायची. सुरेंद्रला वाटलं होतं, टूरिस्ट म्हणून कागदी कप देतात. खरंच वाटलं होतं. आता चाकाखाली खडी उडत असताना, हे आपल्याला वाटलं कसं, याचाच त्याला इतका संताप आला की त्याने काही कारण नसताना घंटी वाजवली. समोरची म्हैस बाजूला झाली. तिचा काही दोष नव्हता.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. रस्त्याकडेच्या झाडांखाली पाचोळा जाळून जमीन काळी साफ केलेली, आणि तिच्यावर पिवळट टपोरी फुलं. तो गोड, आंबूस, डोक्याच्या मागच्या बाजूला बसणारा वास आला की सुरेंद्रला आई दिसायची, ठमी, कमरेत वाकलेली, आणि तिच्या पाठीपलीकडे गावाचा बांध. त्याची वाडी आणि भावेशचं गाव यांच्यामध्ये एक ओढा आणि तो बांध. गावात लग्न निघालं की घरोघर अक्षता जायच्या, आसनगावापासून किन्हवलीपर्यंतच्या पाहुण्यांकडे जायच्या, रुसलेल्या मामांकडे दोनदोनदा जायच्या. वाडीकडे मात्र गावाचा हाक देणारा गोजर यायचा. म्हणजे तोही यायचा नाही. तो बांधापर्यंत यायचा, आंब्याखाली उभा राहायचा, दोन्ही हात तोंडाशी धरून हाक द्यायचा, "वाडीवाल्यांनो, परवाच्याला जेवाया या रे ऽ ऽ!" एवढंच. कुणाकडे, कशाला, ते ज्याने त्याने समजून घ्यायचं. साऱ्या वाडीला एकच हाक. ज्याच्या कानात गेली त्याला आवतण, जो रानात होता त्याला शेजाऱ्याने सांगायचं. बाप, म्हादू, त्या हाकेवर सदरा धुवायचा. लहान सुरेंद्र त्याच्या बोटाला धरून जायचा, शेवटच्या पंगतीला, मंडपाच्या उघड्या बाजूला, जिथे बुंदी संपलेली असायची आणि तिचा चुरा वाटीत मिळायचा. चुरा त्याला आवडायचा. बुंदी ही मुळात गोल असते हे त्याला पुष्कळ उशिरा, कल्याणच्या एका हॉटेलात कळलं, आणि तेव्हा त्याला फसवलं गेल्यासारखं वाटलं होतं. पण कुणी फसवलं, ते ठरवता येईना म्हणून त्याने आणखी एक प्लेट मागवली होती. आई कधीच गेली नाही. "हाकंला कुत्रा जातो," ती म्हणायची, "मानूस अक्षतेनं जातो." बाप ओला सदरा झटकायचा. बाप गेला. गोजर अजून आहे. त्याचा आवाज बसलाय असं सुरेंद्र ऐकून होता, पण दोन वर्षांपूर्वी गावाने त्याला भोंगा घेऊन दिला.

सरळगाव आलं. वडापावच्या गाडीपाशी भावेश थांबला आणि सुरेंद्रला न विचारता त्याच्या पावात दोन मिरच्या घातल्या, कारण त्याला दोनच लागतात हे भावेशला माहीत होतं. तिखट डोक्यात गेलं. डोंबिवलीच्या खोलीत तीन वर्षं दोघे एका कुकरमध्ये भात लावत होते. एकाला ताप आला की दुसरा रजा टाकायचा. भावेश त्याचे सदरे घालायचा आणि बटण तुटलं की त्यालाच ओरडायचा. सुरेंद्रच्या कंपनीतल्या या दोन नमुन्याच्या सायकली धूळ खात पडल्या होत्या. त्या साहेबाला गळ घालून त्याने आणल्या होत्या, त्या "आपण दोघं, रे, मस्त फिरून येऊ, नंतर टाइम मिळणार नाही" या भावेशच्या वाक्यावर. नंतर टाइम का मिळणार नाही, हे त्याने विचारलं नव्हतं. रात्री गॅलरीत जाऊन भावेश हळू आवाजात फोनवर बोलायचा आणि आत येऊन म्हणायचा, "क्लायंट होता." असा कुठला क्लायंट जेवलास का विचारतो? दिवसभर हेडफोन लावून अनोळखी माणसांच्या आवाजातला बिघाड ओळखणाऱ्या सुरेंद्रला घरातला आवाज ओळखता आला नव्हता. तीन वर्षांत कुकरवर कधी हाक आणि अक्षता असा भेद दिसला नाही. शिट्टी दोघांना एकच ऐकू यायची. मग हा भेद डोंबिवलीत होता कुठे? माळ्यावर ठेवला होता? की आसनगावला उतरल्यावर स्टेशनाबाहेर कुणी तो हातात देतं?

"काय झालंय तुला?" भावेशने विचारलं.

"मिरची."

काळू नदीचा पूल ओलांडून किन्हवलीच्या बाजूला रस्ता चढाला लागला आणि भावेशची सायकल हळू हळू माणसाळत गेली. आधी मोटरची गुणगुण थांबली, मग दिवा गेला, मग उरली नुसती सायकल, तीही पिठाच्या गोणीएवढी जड. भावेश पायडलवर उभा राहिला. मग उतरला. मग सायकलकडे असं बघितलं की तिनेच काही बोलावं.

"बॅटरी गेली, यार. भरली होतीस ना?"

"नाही."

"नाही?"

"माझी भरली. तुझी काढली." सुरेंद्र सायकल आडवी घालून उभा राहिला. ऊन नाकाच्या शेंड्यावर आलं होतं. "सकाळी तुझ्या अक्षता खाल्ल्या मी. सकूमावशीने सांगितलं कशाच्या त्या."

भावेशने हेल्मेट काढलं. केस चिकटलेले, कपाळावर पट्ट्याचा लाल वळ. हेल्मेटशिवाय तो एकदम लग्नाचा वाटला. "सांगणारच होतो."

"कधी? मंडपात?"

"अरे, तू घरचा आहेस. घरच्या माणसाला कोण आवतण देतं?"

"घरचा," सुरेंद्र म्हणाला. "कुठपर्यंत घरचा? पडवीपर्यंत? तुझ्या एकाही आत्याची चूल मी पाहिलेली नाही. एवढ्या घरांत फिरलो, माझ्या हाताला कपबशी लागली नाही, रे! कागदाचा चहा पिऊन पिऊन माझ्या पोटात रद्दीचं दुकान झालंय."

"ते... त्या जुन्या बायका आहेत, त्यांच्या डोक्यात काय असतं..."

"तुझ्या डोक्यात काय होतं? तू आत बसून चहा पीत होतास ना? एकदा तरी म्हणालास, तो बाहेर आहे, त्याला आत बोलवा?"

भावेश ब्रेक दाबून सोडत राहिला. समोरून भाताचा पेंढा भरलेला टेम्पो आला, दोघांच्या अंगावर काड्या उडवून गेला. भावेशच्या भुवईवर एक काडी राहिली. एरवी सुरेंद्रने ती काढली असती.

"आणि आईला?" सुरेंद्रने विचारलं.

"काय आईला?"

"माझ्या आईला आवतण. तिला ताप आला तेव्हा तू तिला कल्याणला डॉक्टरकडे नेलं होतंस. ती तुला भाकरी बांधून देते. तिला अक्षता कोण देणार?"

आणि इथे भावेश चुकला. दमला होता, घशाला कोरड होती, म्हणून असेल. जे नेहमी असतं ते त्याच्या तोंडून सहज निघालं. "वाडीला गोजरकाका देईल ना हाक."

आपल्या तोंडून काय निघालं ते भावेशला दिसत असावं, कारण तो रस्त्यावर, आपल्या पायांपुढे, काही सांडल्यासारखं बघत होता.

"पद्धत आहे, सुऱ्या," तो शेवटी म्हणाला. "मी नाही पाडली. पप्पांनी नावं सांगितली, मी निघालो. तुझ्या घरी गेलो तर धाऊच्या घरी का नाही? मग बाईजाच्या का नाही? एका घरात शिरलो की सगळ्या वाडीत शिरावं लागेल."

"मग शिर की. ओढ्यापलीकडे वाघ आहेत?"

"पप्पा लग्नात उभे राहायचे नाहीत."

"मग बसू देत. खुर्च्या असतील ना मंडपात?" सुरेंद्रचा आवाज चिरकला, आणि विनोद झाला याचाच त्याला राग आला. "भावेश, मला बोलावू नकोस. मी येईन नाहीतर नाही. पण तिच्या उंबऱ्यावर ये. जसा सकूमावशीकडे गेलास तसा. नाहीतर डोंबिवलीच्या खोलीची चावी आत्ता ठेव इथं."

हे तो ठरवून बोलला नव्हता, पण बोलल्यावर ते ठरलं. मग त्याने आपल्या सायकलची बॅटरी काढली, भावेशच्या सायकलला लावली, भावेशची मेलेली बॅटरी आपल्या पाठपिशवीत टाकली आणि नुसत्या पायांनी चढ चढू लागला. हे औदार्य नव्हतं. भावेशला वाटेत दमायचं निमित्त मिळू नये एवढाच त्यात विचार होता. चढभर मांड्या पेटल्या, कानात रक्त वाजत राहिलं, आणि मागून ती गुणगुण येत होती, जवळ, लांब, पुन्हा जवळ. ती कुठल्या वळणावर गप्प होते याच्याकडे त्याचं सगळं अंग लागलं होतं. त्याने मागे पाहिलं नाही. गावाचा फाटा आला. डावीकडे भावेशचं घर, कौलांवर नवा रंग. उजवीकडे बांध, आंबा, ओढा. सुरेंद्र उजवीकडे वळला. गुणगुण थांबली. एक पाय टेकून तोही थांबला, आणि त्या शांततेत डोंबिवलीची खोली त्याला रिकामी दिसली, एका माणसाच्या भाताएवढी. मग गुणगुण उजवीकडे आली.

ठमी दारात मोहाची फुलं निवडत होती. घोडा किंवा सर्कस बघावी तशी तिने दोघांच्या चड्ड्यांकडे बघितलं. वाडीतली पोरं जमली. भावेश हातातला डबा उघडून, जोडे काढून, ओणवा झाला.

"काकू, लग्न आहे माझं. पाडव्यानंतर. तुम्ही यायचं."

ठमी सुपावरून उठली नाही. "ह्याला कुनी पाठवला?" तिने सुरेंद्रला विचारलं.

"तोच आला."

"तोच आला का तू आनलास?"

सुरेंद्रचा सकाळपासून जमवलेला राग तिच्या समोर चोरलेली काकडी हातात घेऊन उभ्या असलेल्या पोरासारखा झाला.

"चार दीस ह्याच्यासंगं लोकांच्या पडव्या झिजवल्यास," ठमी म्हणाली, "आनी आज तुला कळला का तुझ्या आयेला आवतण नाय? माझी उमर गेली त्यात. आनी आता मागून आनलीस व्हय रे अक्षता? मागून काय तांदूळ मिळतात, मान नाय मिळत." मग भावेशकडे वळली. "तू वाईट नाय. पन एकटा बाप्या आलास. सोयऱ्याकडं पोरगा जातो. नवा घर जोडायचा तर पयलं आवतण बाईनं न्यायचा, कुंकू घेऊन. तुझी आई कुठं हाय?"

"घरी."

"मंग? लांब हाय?"

लांब नव्हतं. तिथून घर दिसत होतं.

"आत ये, च्या पी," ती म्हणाली. "आमच्या घराला पडवी नाय, भायेर बसवायचा म्हटला तरी जागा नाय." भावेश वाकून आत शिरला. तिने त्याला पितळी पेल्यात चहा दिला. त्याने तिथेच बसून फोन लावला. पोरांनी कान लावले. "आई, मी ठमीकाकूकडे आहे. घरात. कुंकू घेऊन ये... हो, वाडीत... नाही, तू ये." पलीकडून त्याच्या आईचा, गीताबाईचा, आवाज आधी मोठा झाला, मग पप्पांचा आला, मग "आधी तिथनं भायेर नीघ, मग बोलू" एवढं सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. सुरेंद्रने चौकट धरली. भावेशने फोन कानापासून दूर धरला, बंद केला, आणि मांडी घातली.

"येईपर्यंत बसतो," तो म्हणाला. "काकू, अजून चहा आहे?"

"च्या हाय. साखर नाय." तिने सूप त्याच्या पुढे सरकवलं. "बसलाच हायस तर कचरा काढ त्यातला."

तो नवरदेव, तंग चड्डीत, फुलांतल्या काड्या वेचायला लागला, आणि त्या त्याला धड वेचताही येईनात. सुरेंद्रला नव्याने राग आला. आता हा इथून उठणार नाही, त्याची आई येणार नाही, सारी वाडी येऊन बघणार, आणि संध्याकाळी याला भाकरीबरोबर काय घालायचं. ओढ्यापलीकडे, बांधावर, कुणीतरी आलं होतं की झाडाची सावली हलली, हे उन्हात नीट दिसत नव्हतं. तो टाचा उंच करून बघू लागला.

"तू काय रे दारात हुबा?" ठमी आतून खेकसली. "सरक बाजूला. ती बाय आली तर आत येल कशी?"